खाऱ्या विहिरी आणि माझे गुण

वसई, फेब्रुवारी १९८३, शनिवार

आज विभागप्रमुखांना सरळ नाही म्हणाले. पश्चात्ताप नाही.

वनस्पतिशास्त्राच्या चाचणीत मी पाठांतराचे प्रश्न घातलेच नव्हते. वटार गावच्या बागायती वाड्यांत जा, केळीची झाडं का पिवळी पडतात ते बघा आणि कारण लिहा, एवढंच. अर्धे गुण निरीक्षणाला, अर्धे कारणाला. शुद्धलेखनाला शून्य. मुलांना आधीच सांगितलं होतं.

ते शून्यच सरांना खुपलं.

"ही सुनंदा 'पानी' लिहिते, आणि वर्गात पहिली?"

"सर, मिठागराकडची मुलगी आहे. तिनं विहिरी चाखून पाहिल्या. जिथं पंप दिवसभर चालतो तिथंच पाणी खारं आणि तिथंच केळी पिवळ्या, हे तिनं शोधलं. बाकीच्यांनी पुस्तक उतरवलं."

"गुण कमी करा."

शुद्धलेखनाला शून्य, हे चुकलं का माझं? नाही. मी भाषा शिकवत नाही.

"तुम्ही करा सर. पण माझी सही खोडून तुमची करा."

त्यांनी पेन उघडलं. माझ्या सहीपर्यंत नेलं. मग टोपण लावलं.

दुपारी गुण फळ्यावर लागले, सुनंदा पहिलीच. सुनंदा ओशाळून म्हणाली, "मॅडम, पुढच्या वेळी 'पाणी' लिहीन."

मी म्हटलं, "लिही. आधी सांग, वटारला देवळामागच्या विहिरीचं पाणी अजून गोड कसं?"