सातव्या चंद्राची लढाई

बाबा, माझा खेळ आता लोक फोनवर खेळतात. सारीपाटासारखाच पट आहे, फक्त तो काचेवर दिसतो. घरं सहा कोनांची, सोंगट्यांच्या जागी लढाऊ जहाजं, फासे बोटानं टाकायचे. एका ग्रहावरचं पाणी संपलं आहे आणि तिथलं आरमार सातव्या चंद्रावरचा बर्फ न्यायला आलं आहे. चंद्रावरचे खाणकामगार तो द्यायला तयार नाहीत. आपल्याच या हिंदी बोलणाऱ्या शहरात, तेलीबांध्याला तलावाच्या बाजूला, आमचं तिघांचं छोटं ऑफिस आहे, तिथं चार वर्षं मी हेच करत होते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "एवढी मोठी बाई खेळणे बनवून राह्यली." पण हा खेळ तुम्ही ओळखला असता. सोळा वर्षांची असताना तो मी आपल्या रेल्वे क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, जमिनीवर बसून बनवला होता. पुढच्या खोलीत दादा इंजिनीअरिंगच्या परीक्षेचा दुसऱ्यांदा अभ्यास करत होता आणि तिथं कोणी पाय वाजवायचा नाही असा तुमचा हुकूम होता. तात्यापाऱ्यातल्या दुकानातून आलेल्या साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा मी खळीनं जोडला होता. तुम्ही वॅगनच्या वर्कशॉपमधून आणलेला एक जाड नट त्यावर ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, की एक घर. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी त्यात गेली. आई भाकरी थापताना विचारायची, "कोण जिंकून राह्यलं वं?" आणि मी म्हणायची, अजून युद्ध सुरूच झालं नाही.

त्या वर्षी गणपतीत मंडळानं पोरांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं. माझा पट तुम्ही सकाळीच सायकलच्या कॅरिअरला बांधून नेला, सुतळीच्या दोन गाठी मारून, वर प्लास्टिक घालून. एवढ्या जपून तुम्ही माझं काही कधी नेलं नव्हतं, म्हणून मी दुपारी नवा ड्रेस घालून आले. हॉलमध्ये शिरते तर पटाभोवती गर्दी आहे, तुमचे मोठे साहेब वाकून बघताहेत, आणि पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात टाचणीनं चिठ्ठी लावली आहे. चिठ्ठीवर दादाचं नाव. अक्षर तुमचं, बाबा. दादा शेजारी उभा होता, त्याला नियमही धड माहीत नव्हते. साहेबांनी विचारलं की ही लाल जहाजं कुठून निघतात, तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. साहेब हसून म्हणाले, "बहन को भी सब याद है!" तुम्हीही हसलात.

घरी आल्यावर मी ड्रेस न बदलताच तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही पाटावर बसला होतात, ताटात अजून वरण वाढायचं होतं.

"बाबा, तो मी बनवला होता."

"मले माहीत आहे."

"मग काहून लावलं त्याचं नाव?"

"नाव त्याचं लागलं त घरातच राह्यलं ना? त्याले चार लोकांत उभं राहाले काही तरी पायजे. तू त उद्या दुसऱ्याच्या घरी जाशीन."

मी अजून काही म्हणणार होते. तुम्ही ताटावरून हात वर केलात, एवढंच. आईनं वरण वाढलं. मी तिच्याकडे बघत राहिले आणि ती पळीकडे.

त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच, पण माझ्या बाजूनं ते कधी कोणी ऐकलं नाही. साहेबांनी शब्द टाकला, दादाला नागपूरच्या कॉम्प्युटर कॉलेजात जागा मिळाली. तो सुट्टीला यायचा म्हणून घरात कॉम्प्युटर आला, त्यावर आईनं शिवलेलं कव्हर, आणि तुमचा नियम: "हात नको लावू, बिघडन." दादा नसायचा तेव्हा महिनोन्महिने ते कव्हर कोणी काढत नव्हतं. मी बी. कॉम. केलं. मी शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही वर्कशॉपमध्येच छातीत कळ येऊन गेलात, आणि मनातल्या मनात मी ज्या भांडणाची तयारी करत होते ते भांडण माझ्यापाशीच उरलं. तुमच्या तेराव्याला लोक म्हणत होते, कधी कोणाला दुखावलं नाही या माणसानं. मी चहाचे कप फिरवत होते. प्रोग्रामिंग मी तिशीनंतर शिकले, सरकारी ऑफिसात दिवसभर जमिनीचे उतारे टाईप करून झाल्यावर, वयानं निम्म्या पोरांच्या क्लासमध्ये बसून. ती पोरं मला दीदी म्हणत आणि माझ्या चुका दुरुस्त करत. दादा पुण्यात गाड्यांचे विमे विकतो. कॉलेज त्यानं पुरं केलं नाही, हे तुम्हाला कळायच्या आत तुम्ही गेलात, हे तुमचं नशीब.

मागच्या महिन्यात खेळ बाजारात आला त्या दिवशी दादानं घरच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला. खाली त्याच्या नेहमीच्या हिंदीत लिहिलं, 'बचपन में मैंने जो गेम बनाया था, छोटी ने उसका ऐप बना दिया. प्राउड ऑफ यू.' मी लगेच फोन लावला. वाटलं, चेष्टा करतो आहे.

"दादा, तू कधी बनवला होता?"

"अरे, वो गणपती में नहीं था? मंडल में? साहब आए थे। तूने भी मदद की थी ना, रंग-वंग।"

तो खोटं बोलत नव्हता, बाबा. त्याचा आवाज मला चांगला ओळखता येतो. पंचवीस वर्षांत त्याला ते खरंच आठवायला लागलं आहे. मी आईकडे गेले. पुरानी बस्तीतल्या दोन खोल्यांत ती आता एकटी राहते, ऐकायला कमी येतं. मोठ्यानं विचारलं, तो पट कोणी केला होता? ती लसूण सोलत होती. म्हणाली, "तुम्हा दोघांचाच होता ना. आता काहून उकरून राह्यली?" म्हणजे खरं काय ते जाणणारे तुम्ही एकटेच होतात. आणि तुम्हाला जाळलं तेव्हा माझा साक्षीदारही जळला. दादाचा राग मला येत नाही. त्याच्या हातात तुम्ही एक वस्तू दिलीत, त्यानं ती आपली समजून सांभाळली. राग तुमचाच येतो.

हे पत्र मी आईला वाचून दाखवणार होते. आता दाखवणार नाही. कारण परवा एक मुलगी मुलाखत घ्यायला आली होती, खेळांवर व्हिडिओ करते. तिनं विचारलं, "दीदी, सबसे अच्छा तो वो सिक लाईन वाला रूल है। वो कैसे सूझा?" या खेळात फुटलेलं जहाज पटाबाहेर जात नाही; शेजारच्या जहाजानं ते ओढून कडेच्या रांगेत लावायचं, दोन डाव थांबायचं, आणि ते पुन्हा लढायला येतं. लोकांना खेळातलं हेच सगळ्यात जास्त आवडलं आहे.

त्या सुट्टीत एका रविवारी तुम्ही रॉकेलनं हात पुसत स्वयंपाकघरात आला होतात आणि माझ्याजवळ उकिडवे बसला होतात. बराच वेळ बघून विचारलंत, "मेलेल्या जहाजाचं काय करते?" मी म्हटलं, काढून टाकते. "काहून? डबा बिघडला त कोणी फेकते का? सिक लाईनले लावतात. दुरुस्त झाला का पुन्हा गाडीले लागते." एवढं बोलून तुम्ही उठून अंघोळीला गेलात.

मी त्या मुलीला म्हटलं, बस, ऐसेही एक दिन सूझ गया. ती म्हणाली, "क्या दिमाग है, दीदी!" मी हसले, आणि खरं सांगते बाबा, मला बरं वाटलं.