चिनार रहतीचा, पानं माझ्या हिरवळीवर

मी, मुख्ता बेगम, मरहूम गुलाम कादिर कावूसा यांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार बिजबेहारा, जेहलमच्या काठचं घर, अल्लाला स्मरून लिहून देते की माझं डोकं ठिकाणावर आहे. कान थोडे जड झालेत, पण ऐकायचं तेवढं ऐकू येतं. हे मृत्युपत्र मी कुणाच्या सांगण्यावरून करत नाही. उलट 'करू नको' म्हणत असतानाही करते आहे. तसं म्हणणारा माझा मुलगा इश्फाक. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी दाखवलंच तर ते खोटं समजावं.

लिहून घेणारे नूर साहेब म्हणतात की रागाचा मजकूर यात नको, फक्त मिळकत सांगा. मी त्यांना म्हटलं, "राग हीसुद्धा माझीच कमाई आहे. लिहा."

कलम एक. घर, अक्रोडाची बाग आणि बँकेत जे काही असेल ते शरियतप्रमाणे मुलगा इश्फाक आणि मुलगी दिलशादा यांच्यात वाटलं जाईल. त्यात मी तोंड घालत नाही. मात्र मिळकतीचा तिसरा हिस्सा वारस नसलेल्या माणसाला द्यायची मला मुभा आहे, आणि ती मी खाली पुरेपूर वापरणार आहे.

कलम दोन. चहाचा तांब्याचा समोवार आणि कानातले झुमके मी दिलशादाला हयातीतच देऊन टाकले आहेत. ते घरात शोधत बसू नये. समोवाराची तोटी गळते. दुरुस्त करून घे असं तिला तीनदा सांगून झालं. आता मेल्यावर चौथ्यांदा सांगते.

कलम तीन. इश्फाकनं श्रीनगरहून आणलेलं पानं उडवायचं यंत्र त्याचं त्यालाच लखलाभ होवो. जगात लोक असलं यंत्र पानं काढायला घेतात. आमच्या दिवट्यानं पसरायला घेतलं. सकाळी वरच्या खोल्यांत भाड्यानं उतरलेले पाहुणे उठायच्या आत हा बाहेर जातो आणि वाऱ्यानं एका कडेला गेलेली पानं पुन्हा हिरवळभर एकसारखी करतो. कशाला? तर पाहुण्यांना पानांत लोळून फोटो काढायचे असतात. माझ्या सासूबाई हे बघायला नाहीत हे बरं झालं. त्यांनी यंत्र जेहलममध्ये फेकलं असतं, आणि पाठोपाठ इश्फाकला.

कलम चार. हिरवळ. हे कलम नीट वाचावं, मोठ्यानं वाचावं, आणि वाचताना इश्फाकला उठू देऊ नये.

सदर हिरवळीची चतुःसीमा अशी: पूर्वेस जेहलम, पश्चिमेस घर, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस माझी धाकटी जाऊ रहती हिची भिंत. आणि वरून रहतीच्या चिनारच्या फांद्या. ही पाचवी सीमा कोणत्याही कागदात नाही, पण सगळं भांडण तिच्यामुळेच आहे.

माझे यजमान आणि त्यांचा भाऊ अहद यांनी वाटणी केली तेव्हा चिनार अहदकडे गेला आणि मोकळी जागा आमच्याकडे आली. यजमानांनी तिथले हाखाच्या भाजीचे वाफे उपटून हिरवळ केली. साहेबासारखं खुर्ची टाकून बसायचं होतं त्यांना. बसले किती? दोन उन्हाळे. चिनारचं खोड रहतीच्या अंगणात, पण दक्षिणेचा वारा असा की एकूण एक पान भिंत ओलांडून माझ्या हिरवळीवर. दोन्ही भाऊ अल्लाघरी गेले. पानं पडायची थांबली नाहीत.

दर वर्षी पानगळ सुरू झाली की रहती भिंतीतलं छोटं दार उघडून काटक्यांचा झाडू आणि टोपली घेऊन यायची. मी माझं दाताळं घेऊन तयारच असायची.

"मुख्ते, ही पानं माझ्या झाडाची आहेत."

"मग झाडाला सांग, तुझ्या अंगणात पाड म्हणून."

"झाडाला काय सांगायचं? झाडाला अक्कल आहे, ते तुझ्याकडे कचराच टाकतं."

"कचरा आहे तर हात कशाला लावतेस? जा की घरी."

असं दव सुकेपर्यंत चालायचं. दव सुकलं की ती त्या कोपऱ्यातून झाडत यायची, मी या कोपऱ्यातून, आणि मधे जिथे गाठ पडेल तिथे पुन्हा एकदा भांडण. पण पानांचा कोळसा करणं एकटीचं काम नाही, हे बिजबेहाऱ्यातल्या कोणत्याही बाईला विचारा. रास पेटली की एकीनं काठीनं उलथत राहायचं आणि दुसरीनं नेमक्या वेळी पाणी शिंपडायचं. उशीर झाला तर राख, घाई झाली तर ओला धूर. म्हणून रहती उलथायची, मी शिंपडायची, आणि दोघी खोकत खोकत एकमेकींच्या माहेराचा उद्धार करायचो. संध्याकाळी कोळसा पोत्यांत भरून निम्मा निम्मा. पुढचा सगळा हिवाळा दोन्ही घरच्या कांगड्या, अंगाशी धरायच्या शेगड्या, त्यावर चालायच्या. रहतीला मूलबाळ नाही. विकतचा कोळसा तिनं कधी घरात आणला नाही. तिच्या झाडाची पानं असताना का आणावा?

गेल्या वर्षी इश्फाकनं वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. हिरवळीवर पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. आणि मला न विचारता भिंतीतलं दार खिळे ठोकून बंद केलं.

रहती पलीकडून दार वाजवत राहिली. मी पोहोचेपर्यंत हा भिंतीवरून तिला समजावत होता. "चाची, पाहुणे आहेत, धूर चालणार नाही. यंदा पानं असू द्यात. मी तुम्हाला पोतंभर कोळसा विकत आणून देतो."

रहती म्हणाली, "तुझ्या बापानं मला कधी पोतं दिलं नाही, आणि मी कधी मागितलं नाही. झाड माझं आहे. हात अजून चालतात. तू कोण मला देणारा?"

तरी यानं पोतं पाठवलंच. दुसऱ्या दिवशी ती रस्त्यानं वळसा घालून आली, सगळं पोतं पांढऱ्या खुर्च्यांवर उपडं केलं आणि निघून गेली. इश्फाक चिडला. मी मनातून खूश झाले, हे इथे नोंदवून ठेवते.

मी खिळे उपटायला लावले. यानं पुन्हा ठोकले. वर मला म्हणतो, "मोजी, मी तुमच्या दोघींचं भांडणच मिटवतोय. किती वर्षं तेच ते? आता शांतता."

शांतता! तुला कुणी सांगितलं होतं मिटवायला? ते भांडण माझं होतं. मी त्याची वर्षभर वाट बघायची. तुझे वडील गेल्यावर या घरात माझ्याशी बरोबरीनं बोलणारी ती एकच बाई होती. बाकी सगळे 'हो मोजी, बरं मोजी' म्हणून आपापल्या फोनमध्ये तोंड घालतात. नूर साहेब, हेही लिहा. नाही, खोडू नका.

मग चिल्लई कलान आला, हाडं गोठवणारे थंडीचे चाळीस दिवस. शेजारच्या मय्यतीला सगळ्या बायका फेरनच्या लांब झग्याआत कांगडी धरून बसलेल्या, सगळ्यांची फेरनं पुढून फुगलेली. रहतीचं फेरन सपाट होतं. हात काखेत घालून भिंतीला टेकून बसली होती, आणि तिचे ओठ निळे पडले होते. मी माझी कांगडी पायानं तिच्याकडे सरकवली. तिनं पायानंच परत सरकवली.

"तुझ्या लेकाच्या पाहुण्यांना दे. त्यांना थंडी वाजत असेल."

एवढंच बोलली. बोलतानाही दात वाजत होते. त्या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ धरला तो आजतागायत गेलेला नाही. इकडे पानं बर्फाखाली कुजली, आणि वसंतात हिरवळीवर नायट्यासारखे पिवळे चट्टे उठले. म्हणजे गवतही गेलं, कोळसाही गेला, आणि माणूस जायच्या बेतात आहे. फोटो मात्र छान आले म्हणे. यंदाही दार बंदच आहे. हे लिहून घेत असताना खिडकीखाली यंत्राचा आवाज चालू आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी जन्माला घातला.

सबब, वर वर्णन केलेली संपूर्ण हिरवळ, भिंतीतल्या दारासह, मी रहती, मरहूम अहद कावूसा यांची पत्नी, हिला देत आहे. ती माझी वारस नाही, आणि हिरवळीची किंमत तिसऱ्या हिश्शात बसते हे इमाम साहेबांनी तपासलं आहे. इश्फाकची तक्रार चालणार नाही. पाहुण्यांना फोटो काढायचे असतील तर त्यांनी रहतीची परवानगी घ्यावी. ती काय उत्तर देईल ते मला ठाऊक आहे, पण नूर साहेब ते लिहायला तयार नाहीत.

कलम पाच. दारावरचे खिळे इश्फाकनं स्वतःच्या हातानं काढावेत. पानं पेटवायच्या दिवशी पाणी शिंपडायला त्यानं उभं राहावं. ते माझं काम होतं. रहती त्याला बोलेल, त्याच्या आईलाही बोलेल. त्यानं ऐकून घ्यावं, आणि जमलं तर उलट उत्तर द्यावं. मुकाट्यानं शिंपडणारा माणूस तिला आवडणार नाही.

कलम सहा आणि शेवटचं. हे दान आहे असं रहतीला कुणीही सांगू नये. ती कागद तोंडावर फेकेल आणि पुढचा हिवाळाही तशीच काढेल. माझी मय्यत उठली की दिलशादानं तिच्याकडे जावं, तिच्या शेजारी बसावं आणि तिला सांगावं की वाद निकाली निघाला, पानं ज्याचं झाड त्याचीच, मुख्ता हरली.

सही: मुख्ता बेगम

साक्षीदार:
१. मोहम्मद सुभान नाईकू, रोटीवाले, बिजबेहारा
२. हकीम बशारत अली, शेजारी

लेखनिक: नूर मोहम्मद, अर्जनवीस
स्थळ: बिजबेहारा, जिल्हा अनंतनाग
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३