मूठ पुढे करून

शिवमंदिर रोड, अंबरनाथ
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मालिनीस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र पाहून हसशील. अंबरनाथहून बदलापूरला, म्हणजे पुढच्याच स्टेशनाला, पोस्टाने पत्र कोण पाठवतं? पण फोनवर मला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर बोटं भलतीच अक्षरं दाबतात. पेन घट्ट धरलं की हात जरा ऐकतो.

तू दिलेला चिवडा संपला. आता मुद्द्याचं. तुझा अनीश तीन रविवार झाले, फिरकलेला नाही. सहा वर्षं आम्ही मामा-भाचे दर रविवारी उल्हासनगरच्या बाजारात जातोय. घडीचे चाकू धुंडाळायचे, आवडला तर एखादा घ्यायचा, दाल-पकवान खायचं आणि घरी यायचं. असे एक्केचाळीस चाकू त्याच्या बिस्किटांच्या डब्यात जमलेत. काल मी एकटाच गेलो. हत्यारांच्या दुकानातल्या सिंधी मालकांनी, आपल्या साईंनी, हातवारे करून विचारलं, भांजा कुठे? मीही हातानेच सांगितलं, बिझी आहे. पकवान न खाताच परतलो.

अनीशने तो एक भारीतला चाकू मागवला आणि सगळं बिनसलं. भाऊबीजेला त्याने तो दाखवायला काढला, मी हात पुढे केला. त्याने तो माझ्या हातात दिला नाही, टीपॉयवर ठेवला. मालिनी, कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलीत मी. केसाएवढा फरकही या हातांनी पकडला आहे. आता हात थरथरतो हे मलाही कळतं गं, पण ते त्याने असं दाखवायला नको होतं. फार लागलं मला. चाकूला शिवलोच नाही, चहा पिऊन निघालो.

त्याला काही बोलू नकोस. आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
अण्णा

•

कात्रप, बदलापूर (पूर्व)
३० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. अण्णास मालिनीचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र पाचव्या दिवशी मिळालं. चालत आणून दिलं असतंस तर त्याच दिवशी पोचलं असतं.

वाचून आधी हसले, मग डोळ्यांत पाणी आलं. अरे, ती माझी शिकवण! सुरी, कात्री कुणाच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची, नाहीतर दोघांत भांडण होतं. आपल्या आईने हे माझ्याकडून घोटून घेतलं होतं. तुला ठाऊक नाही, कारण तू स्वयंपाकघरात फक्त जेवायला यायचास. अनीशला मी लहानपणापासून हेच वळण लावलं. मलासुद्धा तो चाकू ओट्यावर ठेवूनच देतो. भांडण होऊ नये म्हणून पोराने खाली ठेवला आणि तू त्यावरूनच रुसून बसलास. कमाल आहे तुझी.

त्या चाकूने मात्र त्याला पार बदललंय. चष्म्याच्या कापडाने पुसतो. सफरचंद काप म्हटलं तर आधी फळाकडे बघतो, मग चाकूकडे, आणि माझी सुरी घेतो. पूर्वी महिना-दोन महिन्यांनी एखादा नवा चाकू घरात यायचाच, आता एकही नाही. जुने चाकू एकेक करून उघडतो, कानाशी हलवतो, तोंड वाकडं करून डब्यात टाकतो. घेईन तर यापुढे असाच घेईन, नाहीतर नकोच, म्हणतो. घरातला पसारा थांबला म्हणून मी खूश होते. त्यात तुझा रविवार गेला हे माझ्या लक्षातच आलं नाही रे.

बोलू नकोस म्हणालास, म्हणून बोलले नाही. तुझं पत्र टेबलावर ठेवलं. त्याने उचललं.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
मालिनी

•

बदलापूर
५ डिसेंबर २०२४

ती. स्व. अण्णामामास अनीशचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. वरचं सगळं आईला विचारून लिहिलंय. खालच्याची गॅरंटी नाही.

आई म्हणते ते खरं आहे, चाकू मी सवयीने ठेवला. पण तेवढंच पूर्ण खरं नाही. ठेवल्यावर तुझा हात मागे गेला तो मला दिसला. तेव्हा उचलून द्यायला हवा होता. मनात आलं, याच्या हातून पडला तर? आणि मी तो तसाच टीपॉयवर राहू दिला. सॉरी मामा. महिनाभर ते डोक्यातून जात नाहीये.

रविवारचं कारण वेगळंच आहे. चाकू दसऱ्यालाच आला होता, तुला भाऊबीजेला दाखवायचा म्हणून लपवून ठेवला होता. दिवाळीआधीच्या रविवारी बाजारात तू हिरव्या मुठीचा एक शोधून काढलास, किती खुशीत होतास. मी मस्त आहे म्हणालो, घेतलाही, आणि मनात म्हटलं, भंगार. हा महागडा हातात खेळवल्यापासून मला बाजारातल्या प्रत्येक चाकूची आधी खोटच दिसते. पातं हलतं, लॉक ढिलं, स्क्रू तिरका. दर रविवारी तुझ्याशी खोटं बोलायचं जिवावर आलं, म्हणून यायचंच टाळलं. काही घ्यायचं नसेल तर जायचं कशाला, असंही वाटलं. किती बावळट मी.

आता एक काम आहे. व्हिडिओ बघून मी महागड्या चाकूचा मधला स्क्रू आवळला, तेव्हापासून पातं एका बाजूला घासतंय. कंपनी म्हणते परत पाठवा. मला तुझ्याकडेच आणायचाय. रविवारी, पंधरा तारखेला, दहाला येतो. हिरवाही आणतो.

दार उघडशील एवढा लोभ असू दे.

तुझा,
अनीश

•

अंबरनाथ
१६ डिसेंबर २०२४

चि. सौ. मालिनीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. अनीश काल आला. दारातच त्याने चाकू काढला आणि मूठ पुढे करून माझ्यासमोर धरला. कारखान्यात हत्यार असंच देतात, हातातच. मी घेतला आणि माझ्या हातून पडला. लादीवर खणकन वाजला असणार, मला नुसता त्याचा चेहरा दिसला. मुठीवर चांगला नखाएवढा ओरखडा उठला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आत जायला वळलो तर त्याने दंडाला धरून थांबवलं. चाकू उचलला, ओरखड्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि पुन्हा मूठ पुढे करून माझ्या हातातच दिला. मालिनी, या वेळी मी पकडला.

मग माझ्या कामाच्या बाकापाशी बसलो. कोपर टेकलं की हात स्थिर राहतो, हे मला नव्यानेच कळलं. स्क्रू अर्धा फेरा सैल केला, पातं मधोमध आलं. नंतर हिरवा खोलला. त्याचं पोलाद वाईट नाही गं, आतलं वॉशर तेवढं रद्दी होतं. पितळेचं कापून बसवलं. अनीशने तो दहादा उघडला-मिटला आणि हसायलाच लागला. आता बिस्किटांचा डबा माझ्याकडे आहे. ज्यांचं पोलाद बरं, ते एकेक करून दुरुस्त करायचे.

दुपारी बाजारात गेलो. एकाच चाकूपाशी तासभर उभे राहिलो आणि न घेताच निघालो. साईं वैतागले, पण पकवान त्यांनीच मागवलं.

तुमची ती हातात न देण्याची गोष्ट मात्र खरी निघाली. त्याने चाकू हातात दिला आणि आम्ही येताना अख्ख्या रस्त्याने भांडलो. मी म्हणत होतो बाजारातला तो घ्यायला हवा होता, तो म्हणत होता नको. भांडण अजून मिटलेलं नाही. ते पुरं करायला तो रविवारी येतोय.

असंच भांडत राहण्याइतका लोभ असावा.

तुझा,
अण्णा