ताटातली साखर

किशोरच्या बाबास, जठारपेठेतून मनकर्णाचा नमस्कार.

दवाखान्यातून सुट्टी झाली. दादाच्या घरी मी बरी आहो, काळजी करू नका. घरचा फोन जाऊबाईच्या हातात असते, म्हणून आपल्या लेकीजवळ, आचलजवळ चिठ्ठी देऊन राहिली.

दवाखान्यात नर्सबाईनं आमाले शिकवलं. इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर शुगर एकदम उतरते. अंग कापते, घाम सुटते, माणूस भलतंच बरळते. शुद्धीवर आहे तोवर लगेच साखर चारावी, म्हणे. मी ऐकतच राहिली. महालक्ष्म्याच्या दिवशी मले हेच झालं होतं!

सकाळी इंजेक्शन घेतलं अन् नैवेद्यापर्यंत तोंडात काही घातलं नाही. कापायले लागली, तर जाऊबाई म्हणे, अंगात देवी आली. मले पाटावर बसवून कुंकू लावलं. तुमी पाया पडले. किशोरले नोकरी कधी लागन, हे तुमी विचारून राहिले होते, तेवढ्यातच मी बेशुद्ध पडली.

आचल सांगते, येत्या मंगळवारी जाऊबाईनं देवीच्या दर्शनाले बाया बोलावल्या. मले पुन्हा पाटावर बसवणार, उपाशीच. डॉक्टरनं तुमाले सगळं सांगतलं, मंग तुमी घरात काहून बोलत नाही? का देवीचा नवरा म्हणून मान भेटून राहिला?

लाल गाय व्याली का? तुमी वेळेवर जेवता न?

सोमवारी येईन, पण आधी घरात सांगा. त्या दिवशी प्रसादाच्या साखरेचं ताट माह्या पुढ्यातच होतं. कोणी चिमूटभर तोंडात घातली नाही. तुमीही हातच जोडले.

तुमचीच,
मनकर्णा