मिठाच्या बरणीतला चेंडू

आई,

तुझ्या मिठाच्या बरणीत तो चेंडू अजून आहे. मीठ मी बदलतो, चेंडू तोच ठेवतो. तू गेल्यावर बायको म्हणाली होती की त्याला कपाटात ठेवू, बरणी वापरायला होईल. पण मिठात वस्तू नासत नाही असं तू म्हणायचीस, आणि जिचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं तिच्या या शब्दापुढे बोलायची माझी हिंमत झाली नाही. इतक्या वर्षांत तुला काही लिहिलं नाही, कारण तुला वाचता येत नव्हतं. हे कारण मी स्वतःला देत आलो. खरं तर तुला सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं. गेल्या महिन्यात ते घडलं, आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

मिठागरं बुजवून खाडीकाठी गोल्फ कोर्स झाला, तेव्हा आपल्या गावातल्या बायकांना तिथं गवत बेणायचं काम मिळालं. भोकाभोवती जे अगदी बारीक कापलेलं गवत असतं, ज्याला ग्रीन म्हणतात, त्यात दुसऱ्या जातीचं गवत उगवलं की ते बोटांनी उपटायचं. तू हसून म्हणायचीस, "आधी गवत काढून भात वाचवला, आता गवत काढून गवतच वाचवायचा." तिथं पहिली मोठी स्पर्धा झाली, त्या दिवशी तुला चौथ्या होलच्या ग्रीनपाशी बसवलं होतं. चेंडू कुठं पडतो तेवढं बघायचं आणि विचारलं तर सांगायचं. होल म्हणजे चेंडू मारायच्या जागेपासून भोकापर्यंतचा पट्टा, आणि हा आखूड आहे. खेळाडू खाडीच्या पलीकडून मारतात, पण मधल्या बांधामुळे त्यांना झेंड्याचा शेंडा तेवढा दिसतो, भोक दिसत नाही. सकाळचा पहिलाच चेंडू आला, टप्पा पडला, घरंगळला आणि आत गेला. तू जागची हलली नाहीस. खेळाडू आले, त्यांच्या काठ्या वाहणारे कॅडी आले, सगळे मागच्या वाळूत आणि झुडपांत शोधत सुटले. शेवटी एकाला तुझी आठवण झाली.

"मावशी, चेंडू बघितला का?"

"बघितला ना. भोकात हाय."

"मग सांगायचं नाही का?"

"त्यात काय सांगायचा? तिथंच टाकायचा ना तुमाला?"

हे तू इतक्या वेळा सांगितलंस की मी तिथं होतो असंच मला वाटतं. मी बघतोय, तो उंच खेळाडू ग्रीनवर बसकण मारून हसतोय, भोकातून चेंडू काढून तुझ्या मातीच्या हातात देतोय. ज्याचा असा पहिल्याच फटक्यात जातो त्यानं सगळ्यांना पाजायचं, ही त्या खेळातली रीत. संध्याकाळी तुम्हा बायकांनाही थंड बाटल्या मिळाल्या. त्या पहिल्यानंतर दिवसभर आलेला एकही चेंडू असा थेट आत गेला नव्हता. घरी येऊन चुलीपुढं बसून तू निकाल दिलास, "पहिला तेवढा शिकलेला होता. बाकीचे सगले शिकाऊ."

त्या चेंडूपायी मी खेळायला लागलो. बी.कॉम. झालो, तरी नोकरी धरली नाही, व्यावसायिक खेळाडू झालो. पहिल्या स्पर्धेहून परत आलो तेव्हा तू भाकऱ्या थापत होतीस. मान वर न करता विचारलंस, "गेला का रं बाला?" मी कितवा आलो हे तू कधीच विचारलं नाहीस. मी कट पार केला, म्हणजे दोन दिवसांनंतर निम्मे खेळाडू घरी पाठवतात त्यांत नव्हतो, याचं तुला काही नव्हतं. गेला का, एवढंच. मी समजावायचो की आई, जगातल्या नामांकित खेळाडूंनाही हे आयुष्यात मोजक्या वेळा जमतं. काहींना कधीच नाही. आणि शंभरदा चुकला म्हणून एकशे एकाव्यांदा तो जवळ येत नाही, दर वेळी पाटी कोरी. तू भाकरी उलटायचीस. "त्याला जमला, मंग तुला का न्हाय?"

एकदा हरून आलो होतो. तू विचारलंस आणि माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तुला सरावाच्या मैदानावर नेलं, झाडाखाली बसवलं आणि समोरच्या झेंड्यावर टोपलीभर चेंडू मारले. टोपली संपली की दुसरी. "बघ, एक तरी जातो का. बघ." काही झेंड्याजवळ थांबले, एक भोकाच्या काठाला घासून गेला. तेव्हा तू अर्धी उठली होतीस. मग पुन्हा बसलीस. माझा सदरा भिजून अंगाला चिकटला तेव्हा तू येऊन माझ्या हातावर हात ठेवलास. "ऱ्हावदे. माज्यापायी नको मारू." त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस. मी परत यायचो, तू पाणी द्यायचीस, जेवायला वाढायचीस. शेवटी डायलिसिसला नेताना रिक्षात मी आपणहून म्हणालो, "नाही गेला ग आई." तू बाहेर बघत होतीस. ऐकलंस की नाही, मला माहीत नाही. मी तुला सत्य पटवून दिलं होतं, आणि त्याच्या बदल्यात माझी वाट बघणारं जगात कुणी उरलं नाही. यात शहाणपण काय होतं, हे मी अजून स्वतःला विचारतो.

गेल्या महिन्यातली स्पर्धा माझी शेवटची होती. कंबर गेली आहे, या मोसमात एकदाही कट पार झाला नाही, पुढच्या वर्षी मला कुणी खेळू देणार नाही. स्पर्धा आपल्याच कोर्सवर, आणि दुसऱ्या दिवशी मी चौथ्या होलला उभा. फटका मारला तेव्हाच हाताला झिणझिण्या आल्या. चेंडू काठीच्या धारेला लागला होता. अगदी शिकाऊ फटका. खाली खाली गेला, बांधावर आपटला, उडाला आणि दिसेनासा झाला. आम्ही पलीकडं जाऊन वाळूत शोधला, झुडपांत शोधला. तुझ्या जागी आता कुणी बसत नाही. माझ्यासोबत खेळणारा दुसरा खेळाडू झेंडा काढायला गेला आणि म्हणाला, "सर, इथं आहे."

टाळ्या झाल्या. कॅडीनं मिठी मारली. "घरी फोन लावा ना," तो म्हणाला. मी म्हटलं, "सांगतो नंतर." भोकापाशी वाकलो तेव्हा मला वाटलं होतं की आता काहीतरी होईल, रडू येईल, निदान तू आठवशील. काही झालं नाही. आयुष्यभर जे हजारो नीट फटके मारले त्यातला एकही गेला नाही आणि गेला तो हा. तू ज्याची वाट बघितलीस ते हे होतं, आई. त्यात शिकलेला आणि शिकाऊ असं काही नसतं. तुझा तो पहिला खेळाडूही कदाचित चुकलाच असेल. तू टप्पा पाहिला होतास, फटका नाही. मग मी कशाच्या मागं गेलो? आणि तुला झाडाखाली बसवून तुझं ते वाट बघणं कशासाठी हिरावून घेतलं?

मी रीतीप्रमाणे सगळ्यांना पाजलं, गवत बेणणाऱ्या बायकांनाही. घरी आलो. बायकोनं विचारलं, "कट?" मी नाही म्हटलं. तिनं पाणी दिलं.

हे पाठवायला जागा नाही, तेव्हा एक राहिलेलं सांगून टाकतो. असा चेंडू खेळाडू बाजूला काढून जपून ठेवतात. कॅडीनं त्यासाठी हात पुढं केला होता. मी म्हटलं, खेळतोय अजून, आणि पाचव्या होलला तोच चेंडू उजवीकडं खाडीत गेला. कार्डावर दंडाचा फटका मी नीट लिहिला. चुकला, असं कॅडीला सांगितलं. चुकला नव्हता, आई. त्या दिवसात तेवढा एकच फटका मला हवा होता तिथं गेला.