अंगठीचे सत्तावीस फेरे

१२ जानेवारी

पुन्हा तेच! ब्रिडी जेवताना म्हणाली, "मॉम, मला सरकारी शाळेत घाल." रस्त्यापलीकडेच तर आहे, चालत जाईन, म्हणे. मी साफ नाही म्हटलं. माझी आई सिस्टरांच्या याच अकॅडमीत शिकलेली, मी इथंच शिकलेली, आणि अकरावीत आलेली पोर मधेच काढायची? सिस्टर काय म्हणतील?

ब्रिडीचा बाप डेनिस सरकारी शाळेत शिकलेला. "मी काय रानटी निपजलो का गं?" म्हणाला. मी म्हटलं, "ते चर्चमध्ये विचार चार जणांना." तो हसला. ब्रिडी नाही हसली.

२० जानेवारी

डबा तसाच परत. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "संडासात बसून खाववत नाही." वर्गातल्या कॅरोलाइनच्या टोळक्यानं तिला जेवणाच्या टेबलावरून उठवलंय — नोव्हेंबरपासून! आणि मला पत्ता नाही! खूप रडले. पण काढणार नाही. मुली सगळीकडे अशाच.

३ फेब्रुवारी

शुक्रवारी अंगठ्यांचा समारंभ. फादर शाळेच्या अंगठ्यांवर आशीर्वाद देणार, मग प्रत्येकीच्या मैत्रिणी येऊन तिची अंगठी बोटातल्या बोटात एकेक फेरा फिरवणार. हिची बॅच २०२७ साली बाहेर पडणार, म्हणून सत्तावीस जणी. शेवटचा फेरा उलटा, तो जिवलग मैत्रिणीचा.

"मी त्या दिवशी आजारी पडते," ब्रिडी म्हणाली. "खबरदार!" मी ओरडलेच. माझ्या वेळी मुलींची रांग लागली होती. हिच्या बोटाला कुणी हातच लावला नाही तर? सगळ्या शाळेसमोर?

४ फेब्रुवारी

ब्रिडीच्या वर्गातल्या मुलींच्या घरी फोन केले. सगळ्या माझ्याच शाळेतल्या, आता आया झालेल्या. कॅरोलाइनची आई पॅट म्हणाली, "अगं नोरीन, त्यात काय एवढं! सांगते की तिला." दुपारपर्यंत सत्तावीस जमल्या. जीव भांड्यात पडला.

६ फेब्रुवारी

सत्तावीसच्या सत्तावीस आल्या! मी मागच्या बाकावरून फोटो काढत होते. प्रत्येक जण वाकून ब्रिडीच्या कानात काहीतरी सांगत होती. किती गोड, असं वाटलं मला.

गाडीत विचारलं, काय म्हणत होत्या गं? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "'आईनं सांगितलं म्हणून.' सगळ्या तेच म्हणाल्या. कॅरोलाइनसुद्धा."

मूर्ख बाई मी. महामूर्ख!

९ फेब्रुवारी

सरकारी शाळेचा अर्ज आणला. फक्त माझी सही हवी. डेनिस म्हणाला, "आता तरी कर." ब्रिडीच म्हणाली, "थांब थोडं."

२७ फेब्रुवारी

ईस्टरआधीच्या उपवासाचा शुक्रवार, मटण-चिकन वर्ज्य. चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण. ब्रिडी चक्क कॅरोलाइनच्या टेबलावर! खिदळत होती. मी डेनिसला कोपरानं ढोसलं — बघ! अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. देव पावला.

११ मार्च

सिस्टरांचा फोन. मला वाटलं, पुन्हा हिलाच काही केलं. तशीच धावले.

नववीतली एक मुलगी, लुसी. तिला व्यायामशाळेच्या सामानाच्या खोलीत दोन तास कोंडलं होतं. पोरीनं कपडे ओले केले. बाहेरून दाराला पाठ लावून बसली होती ती आमची ब्रिडी. कॅरोलाइन नुसती बघत होती.

गाडीत बसल्यावर तीच म्हणाली, "मॉम, मला इथून काढू नकोस हं. आता कुठं जमायला लागलंय."