देवळामागच्या विहिरीचं पाणी

बाई, तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं. तुमच्या कॉलेजात फोन केला तेव्हा तिथल्या क्लार्कनं "त्या वारल्या" एवढंच सांगून फोन ठेवला. कशानं, केव्हा, हे विचारावं असं मलाही वाटलं नाही, खरं सांगतो. जुन्नरजवळच्या मढच्या वरच्या अंगाला आमच्या गावात तुम्ही एक उन्हाळा काढलात, विहिरींच्या पाण्यात माणसाची घाण कुठून उतरते ते शोधलंत आणि पुण्याला जाऊन इंग्रजीत छापलंत. एक प्रत मला पाठवलीत. मी आळेफाट्यावर पंपाच्या जळक्या मोटारी रिवाइंड करणारा, दहावीला शाळा सुटलेला. डिक्शनरी घेऊन बसलो आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. गावाचं नावसुद्धा नव्हतं त्यात. आम्ही म्हणजे 'साइट सी'. ज्यांच्या पाण्यात गू सापडला त्यांना त्यांच्या भाषेत एक ओळ कळवावी, हे एवढ्या शिकलेल्या बाईला सुचू नये?

अजून दिसतं. आमच्या स्वयंपाकघरात तुम्ही उकिडव्या बसलाय. विहिरीचं पाणी भरलेल्या तपासणीच्या बाटल्या उबेला हव्यात म्हणून आईनं चुलीमागची जागा दिलीय. पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जंतू, असं तुम्ही समजावता आणि आई कपाळाला हात लावते, "अगं बया, गुवाची परीक्षा माझ्या चुलीपाशी?" आम्ही सगळे हसतो, तुम्ही नाही. त्याच दिवशी तुम्ही माझ्यावर ओरडलात. मी बाटली आधी विहिरीच्या पाण्यानं विसळली आणि मग भरली. न विसळलेल्या भांड्यात आमच्याकडं कुणी पाणी भरत नाही. "आतलं औषध ओतून टाकलंत! आता ही गटारात बुडवली तरी काळी व्हायची नाही." चार माणसांत बोललात. त्या रागानंच मी सगळं शिकलो. बाटलीच्या तोंडाला बोट लागू द्यायचं नाही, रेघेच्या वर थेंब जाऊ द्यायचा नाही, चिठ्ठी आधी लिहायची, पाणी नंतर. तुमच्यापेक्षा माझा हात आज जास्त स्वच्छ चालतो.

गेल्या वर्षी जत्रेच्या पाहुण्यांसाठी गावानं देवळापाशी संडास बांधला आणि त्याचा शोषखड्डा नेमका विहिरीच्या वरच्या अंगाला काढला. पावसाळा सरतो न सरतो तोच पोरांना जुलाब. माझ्या चुलत्याची नात जुन्नरला सलाइनवर होती. पंचायतीच्या तपासणीच्या, त्याच औषधाच्या बाटल्या मात्र एकजात स्वच्छ! पाणी भरणाऱ्याला विचारलं, बाटली कशी भरतोस? तो दुखावलाच. "कशी म्हंजे? चांगली विसळून. आमी काय घाणेरडं हाय का, भाऊ?" मी स्वतः न विसळता भरली. शाईसारखी काळी झाली.

जत्रा तोंडावर होती, भंडाऱ्याचा स्वयंपाक त्याच विहिरीवर व्हायचा होता. मी ती बाटली ग्रामसभेत टेबलावर ठेवली. सरपंचांनी लांबूनच विचारलं, "इसळली व्हती का?"

"नाही. ती विसळायची नसते."

"मंग काळी पडंल न्हाई तर काय! घाण बाटलीत पाणी भरायचं आन् देवाच्या विहिरीला नाव ठेवायचं!"

"हाताला मोटारीचं ऑइल आसंल, राव," मागनं कुणीतरी म्हणालं. सभा खदखदून हसली. मी औषध सांगितलं, जंतू सांगितले, जमिनीचा उतार काढून दाखवला. "तुमी डॉक्टर कवा झाला?" एवढंच त्यावर उत्तर. या लोकांची मला किळस येते, बाई. समोर धरलेलं दिसत नाही, आणि दिसत नाही याचीच ऐट.

मग, तुम्ही वारल्याचं ठाऊक असूनही, माझ्या तोंडून निघून गेलं, "हे मी म्हणत नाही. पुण्याच्या बाई म्हणतात. कालच फोन झाला."

"त्या? चुलीमागं बाटल्या ठेवायच्या त्या?" सरपंच खुर्चीत सरळ झाले. "मंग हे आधी न्हाई का सांगायचं!" उभ्या उभ्या ठरलं. संडासाला कुलूप, खड्डा उपसून बुजवायचा, नवा विहिरीच्या खालच्या अंगाला, भंडाऱ्याला टँकर. माझ्या बाटलीकडं शेवटपर्यंत कुणी नीट पाहिलं नाही. तुम्ही कधी काळी येऊन गेलात, गावाला काही न सांगता गेलात, तरी शब्द तुमचाच चालला.

जत्रा पार पडली, कुणाला काही झालं नाही. आता सरपंच भेटले की विचारतात, "बाई बऱ्या हायती ना? औंदा घेऊन या, साडीचोळी करू." मी म्हणतो, विचारून बघतो. परवा तर कुणी विचारलंही नव्हतं, मीच सांगितलं की बाईंचा फोन होता, विहिरीची काळजी घ्या म्हणाल्या. हे पत्र पेटीत टाकायला पत्ता नाही, आणि गावात उघडं ठेवण्याचीही सोय नाही. तुम्ही वारलात हे मी तिथं अजून कुणालाच सांगितलेलं नाही.